'लेक टच' नावाचं थोतांड

महाराष्ट्रात 'लेक' नसतात, धरणं असतात. हे एक वाक्य ज्याला पटलं त्याने पुढचं नाही वाचलं तरी चालेल. त्याचे तीस-चाळीस लाख रुपये वाचले आणि शनिवारची सकाळही वाचली. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, कारण विषय जरा लांबणार आहे.

आता लगेच कुणीतरी लोणारचं नाव घेईल. कबूल. लोणार खरंखुरं नैसर्गिक सरोवर आहे. उल्केच्या आघाताने झालेलं, खारं, आणि वर अभयारण्य. तिथे बोट घालायचा विचार मनातसुद्धा आणू नका. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडचे ते देखणे तलाव? ते मालगुजारी तलाव, माणसांनी शेतीसाठी बांधलेले. मग राहिलं काय? पवना, मुळशी, पानशेत, वरसगाव, उजनी, आणि आमच्याकडे इसापूर, बेंबळा, पूस, अरुणावती. सगळी धरणं. कोकणातल्या खाड्यांची गोष्ट वेगळी, तिकडे शेवटी वळतो.

हे सगळं आज लिहायचं कारण असं की आमच्या वयाच्या आयटीवाल्यांना सध्या एक नवीन ताप चढलाय. पहिल्या फ्लॅटचा ईएमआय अंगवळणी पडला, एखादी ऑनसाइट वारी झाली, तिकडे कुणाच्या तरी घरामागे छोटासा लाकडी धक्का आणि त्याला बांधलेली बोट पाहिली, की परत आल्यावर माणूस 'सेकंड होम' शोधायला लागतो. आणि शोधणाऱ्याला दुकानदार मिळतोच. 'लेक टच प्लॉट. प्रायव्हेट बोटिंग ॲक्सेस. पुण्यापासून फक्त दीड तास.' (हा दीड तास कुठल्या पुण्यापासून मोजतात ते मला आजवर कळलेलं नाही. बहुतेक रविवारी पहाटे चार वाजताच्या पुण्यापासून.) टीममधल्या तिघांनी गेल्या वर्षभरात असे प्लॉट पाहिले, एकाने टोकनही दिलं. पुण्यापुरतंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण दिवाळीत घरी यवतमाळला गेलो, तर तिथेही एका जलाशयाच्या नावाने 'लेक व्ह्यू' लेआउटचं गुळगुळीत पत्रक हातात पडलं. नाव लिहीत नाही. प्रश्न एका बिल्डरचा नाहीये, सगळ्या कल्पनेचाच आहे.

यवतमाळमध्ये लेक व्ह्यू! अहो, ज्या गावात २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं आटली आणि लोक टँकरमागे ड्रम घेऊन धावले, त्या गावात. असो. रागावून उपयोग नाही, मुद्द्याने बोलू.

पहिला मुद्दा इंजिनिअरिंगचा. माझे मामा पाटबंधारे खात्यात होते, कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यांना ते पत्रक दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "बाप्पा, धरण भरून ठेवाले थोडीच बांधतेत? रिकामं कराले बांधतेत." संपला विषय. आपल्या भाषेत सांगायचं तर जलाशय म्हणजे बफर. चार महिन्यांत येणारं पाणी आठ महिने पुरवायचं, हे त्याचं एकमेव काम. सप्टेंबर-ऑक्टोबरात तो 'पूर्ण संचय पातळी'ला असतो, त्यानंतर रब्बीची आवर्तनं सुटतात, शहरांचं पिण्याचं पाणी जातं, बाष्पीभवन होतं, आणि मे अखेरीस तळाशी 'मृत साठा' उरतो. जो बफर वर्षभर भरलेलाच दिसतो तो बफर नव्हे, तो बग आहे.

ही पातळी किती खाली जाते आणि त्याचा तुमच्या बोटीशी काय संबंध, याचं गणित दहावीचं आहे. समजा पाणी उभं दहा मीटर उतरलं. काठाची जमीन पन्नासास एक अशा मंद उताराची असेल (विदर्भातल्या सपाट खोऱ्यांत असा उतार सहज मिळतो), तर काठ सरकला पाचशे मीटर. म्हणजे नोव्हेंबरात अंगणाला खेटून असलेलं पाणी मे महिन्यात अर्धा किलोमीटर लांब, आणि मधे भेगाळलेला गाळ. आता सह्याद्रीतला तीव्र उतार घ्या, पाचास एक. काठ सरकला फक्त पन्नास मीटर, पण तेवढ्यात तुम्हाला तीन मजल्यांइतकं खाली उतरायचंय, चिखलातून, बोट ओढत. बिल्डरने दाखवलेला तो सुंदर लाकडी धक्का तोवर हवेत लटकलेला असतो. पातळीबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का करता येतो, पण तो अर्धा किलोमीटर चालत जात नाही.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. अमेरिकेतलं लेक मीड घ्या. नावात लेक आहे, आहे मात्र हूवर धरणाचा जलाशय. २०२२ च्या उन्हाळ्यात त्याची पातळी १९३० च्या दशकात तो भरायला लागला तेव्हापासूनच्या नीचांकावर गेली, बोटी पाण्यात सोडायचे बहुतेक रॅम्प बंद करावे लागले, आणि पूर्वी बुडालेल्या बोटी उघड्या पडल्या. तिथे पैशाची कमी नव्हती, पाण्याची होती.

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण लवासा. वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी इटालियन धर्तीची रंगीत घरं, काठाने फिरायला रस्ता, पाण्यात बोटी. पण धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागे हटणार, हे तिथल्या इंजिनिअरांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणून दासवेला पाणी अडवायला वेगळा बंधारा घातला. थोडक्यात, वर्षभर 'लेक' दिसावा म्हणून धरणाच्या वर आणखी एक धरण! आणि हेच वरसगाव पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांपैकी एक. पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली आणि काम थांबलं, २०११ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. घरासाठी पैसे भरलेले लोक देणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहिले. एवढ्या भांडवलाच्या, एवढ्या वजनदार प्रकल्पाची ही गत, तर तुमच्या चाळीस प्लॉटच्या लेआउटचं काय घेऊन बसलात?

दुसरा मुद्दा मालकीचा. 'टच' या शब्दावर माझा खास राग आहे, कारण तुमचा प्लॉट पाण्याला टच होतच नाही. धरण बांधताना सरकार बुडीत क्षेत्राची जमीन संपादित करतं. पूर्ण संचय पातळीपर्यंतची सगळी, आणि वर पुरासाठी थोडी. ती जमीन जलसंपदा विभागाची. तुमचा सातबारा जिथे संपतो तिथून पाण्यापर्यंतचा पट्टा तुमचा नाही, बिल्डरचा नाही, ज्याने बिल्डरला विकला त्या शेतकऱ्याचाही नाही. त्यावर धक्का बांधायला, पायऱ्या करायला, बोट ठेवायला परवानगी लागते. 'प्रायव्हेट बोटिंग ॲक्सेस' असं ज्या कागदावर छापलंय त्याच्या मागे जलसंपदा विभागाचं पत्र जोडलंय का, एवढं एकदा विचारून पाहा. सेल्सवाला लगेच क्लबहाउसचं थ्रीडी दाखवायला लागतो :-)

आणि तो पट्टा रिकामाही नसतो बरं. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत पीक घेतात. त्याला गाळपेर म्हणतात. ही जमीन हंगामापुरती भाडेपट्ट्याने देतात, आणि देताना धरणात ज्यांची शेती गेली त्यांना प्राधान्य असतं. म्हणजे तुमच्या बाल्कनीतून 'व्ह्यू' खराब करणारं ते टरबुजाचं वावर, ते एखाद्या प्रकल्पग्रस्ताचं आहे. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आमच्याकडे भोई आणि ढिवर समाजाचे लोक डोंग्यातून, काही ठिकाणी नुसत्या थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी टाकतात. तुमची स्पीडबोट त्या जाळ्यांवरून जाणार. प्यायच्या पाण्यात तिचं तेल सांडणार. मग भांडण झालं की आपण म्हणणार, "लोकल लोक फार त्रास देतात यार."

तिसरा मुद्दा पुराचा, आणि इथे गंमत संपते. मे महिन्यात अर्धा किलोमीटर लांब असलेलं तेच पाणी ऑगस्टमध्ये घरात येऊ शकतं. महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा आखतात. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, निळी आणि लाल यांच्यामध्ये नियंत्रित. आता 'पंचवीस वर्षांतून एकदा' ऐकून आपल्याला वाटतं, आत्ताच येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निवांत. संभाव्यता अशी चालत नाही. दर वर्षी चार टक्के शक्यता. वीस वर्षांचं गृहकर्ज धरलं, तर त्या काळात एकदा तरी तो पूर येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. कॅल्क्युलेटर काढा: एक वजा ०.९६ चा विसावा घात. उत्तर साधारण ५६ टक्के.

पुण्यातल्या मंडळींना आठवण करून द्यायला नको. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पस्तीस हजार क्युसेकच्या घरात विसर्ग झाला आणि सिंहगड रोडला एकता नगरीत सोसायट्यांचे तळमजले पाण्यात गेले. नदीकाठची घरं होती ती, लेक टच नव्हे, पण रिव्हर टच नक्कीच. आणि आमचा यवतमाळ जिल्हा कोरडा म्हणून बदनाम, पण २२ जुलै २०२३ ला एका दिवसात एवढा कोसळला की शहरातल्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर माणसं पुरात अडकून पडली. पाच वर्षांपूर्वी टँकर मागणारा जिल्हा हेलिकॉप्टर मागत होता. पाणी आपल्याकडे असं येतं. वर्षभर मंद झुळझुळत नाही, ते टोकाला जातं.

चौथा मुद्दा, ज्यासाठी खरं तर हा सगळा खटाटोप. 'बोटिंग ॲक्सेस' हा शब्द वाचला की मला दुसरंच काही आठवतं. महाराष्ट्रात पाण्याकाठी राहून रोज बोटीने जा-ये करणारे हजारो लोक आहेत. त्यांनी लेक टच घेतलेला नाही, लेकच त्यांना येऊन टच झालाय. धरण झालं, जुना रस्ता बुडाला, समोरचं गाव दिसतंय पण रस्त्याने जायचं तर भलामोठा वळसा. मग नाव. २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात करमाळ्याच्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. लहान मुलंही त्यात होती. १४ सप्टेंबर २०२१ ला अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटून एकाच गोतावळ्यातले अकरा जण बुडाले. घरातल्या माणसाच्या दिवसकार्यासाठी आले होते. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोलीत चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बायकांची नाव वैनगंगेत उलटली. आणि ८ ऑगस्ट २०१९, सांगलीचा पूर, ब्रह्मनाळ. पुरातून सुटका करायला आलेलीच बोट उलटली. त्या एका बोटीत डझनाहून जास्त माणसं गेली.

या यादीत समान काय आहे? जास्त भरलेली होडी, अंगात लाइफ जॅकेट नाही, वाऱ्याचा इशारा पोचवणारं कुणी नाही, धक्का नाही. म्हणजे आपल्या राज्यात बोटिंग ॲक्सेसची गरज कुणाला आहे हे अगदी स्पष्ट आहे. आणि विकत कुणाला मिळतोय, हेही स्पष्ट आहे.

आता एक विनोद ऐका, सरकारी आहे. २०१६ मध्ये संसदेने राष्ट्रीय जलमार्ग कायदा केला. देशातले १११ जलमार्ग 'राष्ट्रीय' म्हणून जाहीर झाले. त्यातला ७८ वा कोणता? पैनगंगा-वर्धा नदीप्रणाली. हो, तीच पैनगंगा आणि तीच वर्धा, ज्या आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण आणि पूर्व सीमेवरून वाहतात आणि उन्हाळ्यात ज्यांच्या पात्रातून ट्रॅक्टर जातात. कागदोपत्री पाहिलं तर यवतमाळकर राष्ट्रीय जलमार्गाच्या काठावर राहतो. वॉटरफ्रंट प्रॉपर्टीच म्हणा ना! फक्त त्याला पलीकडच्या तीरावर सुरक्षित जाता येईल अशी नाव तेवढी गावोगाव नाही.

आता उलट बाजू. मला माहितीये तुम्ही काय म्हणणार.

एक: "शेतकऱ्याने स्वखुशीने जमीन विकली, तुझ्या पोटात का दुखतं?" विकू दे की. त्याची जमीन, त्याचा हक्क. बऱ्याचदा धरणात चांगली काळी जमीन गेली आणि वरचा बरड तुकडा उरला, तो विकून पोरांचं शिक्षण होत असेल तर मी कोण बोलणारा? माझी तक्रार जमिनीच्या विक्रीबद्दल नाही, पाण्याच्या विक्रीबद्दल आहे. दोन प्लॉट, तोच मुरूम, तोच रस्ता. एकातून पाणी दिसतं म्हणून त्याला तिप्पट भाव. हा वरचा दोनपट भाव ज्या पाण्याचा आहे ते पाणी शेतकऱ्याने विकलेलं नाही आणि बिल्डरने घेतलेलं नाही. जे आपलं नाही ते विकण्याला मराठीत एक शब्द आहे, तो मी इथे लिहीत नाही.

दोन: "पर्यटनाने रोजगार येतो." येतो, नक्की येतो. पण कशाने? कुंपण घातलेल्या लेआउटमध्ये गावातल्या एकाला वॉचमनची आणि एकीला झाडलोटीची नोकरी मिळते. तेच सार्वजनिक धक्का असेल, गावातल्या मच्छीमार संस्थेकडे चार चांगल्या नावा आणि मोजून जॅकेट असतील, घरोघरी राहायची सोय असेल, तर तोच पैसा वीस घरांत जातो. आणि शनिवारी पर्यटक नेणारी तीच सुरक्षित नाव सोमवारी शाळेची पोरं नेते. रोजगार हवा तर हा मागा ना.

तीन: "युरोपात नाही का लोक पाण्याकाठी राहत?" राहतात. तिथल्या नद्यांत बारा महिने पाणी असतं, कालव्यांची पातळी दारं लावून इंच-इंच राखतात. आपलं सगळं पाणी चार महिन्यांत पडतं. आर्किटेक्चर कॉपी करायच्या आधी इनपुट डेटा सारखा आहे का बघावा, हे आपल्याला पहिल्याच प्रोजेक्टवर शिकवतात. घर घेताना मात्र आपण सगळं विसरतो.

चार: "अरे, पण मला आवडतं. माझे पैसे आहेत." हा मात्र खरा मुद्दा, याला मान आहे. पाणी सगळ्यांनाच आवडतं. कोरड्या जिल्ह्यातल्या माणसाला तर जरा जास्तच. मग निदान हिशोब करू. पावसाळ्याचे चार महिने बोट बाहेर काढायची नाही. मार्च ते मे पाणी मागे, आणि मे महिन्यातला वळवाचा वारा काय करतो ते उजनीने दाखवलंय. उरले ऑक्टोबर ते फेब्रुवारी, म्हणजे साधारण बावीस वीकेंड. त्यातून दिवाळी, लग्नं, रिलीज, ऑनकॉल आणि 'आज कंटाळा आलाय' वजा करा. दहा वेळा गेलात तरी खूप. चाळीस लाखांचा प्लॉट, आठ टक्के धरले तर व्याजच वर्षाला तीन लाख वीस हजार. एका फेरीला बत्तीस हजार, आणि यात घर, बोट, पेट्रोल, वॉचमन काहीच नाही. एवढ्यात दर वेळी तारकर्लीला किंवा केरळला जाऊन उत्तम बोट भाड्याने घ्या, वर मासे खा, आणि सोमवारी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये हसतमुख बसा.

म्हणून माझं साधं मत: बोट हवी असेल तर बोटीपर्यंत जा, घर पाण्याला चिकटवू नका. घर उंचावर, गावाजवळ, बारमाही रस्त्यावर असू द्या. बोट सार्वजनिक धक्क्यावर, सगळ्यांची असू द्या.

तरीही ज्यांना घ्यायचंच आहे (असणारच, मी कोण अडवणारा!), त्यांनी निदान एवढं टेस्टिंग केल्याशिवाय सही करू नये:

१. प्लॉट मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पाहा. ऑक्टोबरात सगळेच प्लॉट सुंदर असतात.

२. जलाशयाची पूर्ण संचय पातळी आणि महत्तम पूर पातळी किती मीटर, आणि तुमच्या प्लॉटची समुद्रसपाटीपासूनची उंची किती, हे तीन आकडे एका कागदावर लिहा. तिसरा आकडा दुसऱ्याच्या जवळपास असेल तर कागदाची घडी घालून घरी या.

३. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकाना वाचा. प्लॉट आणि पाणी यांच्यामधल्या पट्ट्याचाही सातबारा काढा. त्यावर तुमच्या बिल्डरचं नाव नसेल, पैज.

४. नदीकाठी असाल तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर बघा. 'आमच्याकडे कधी पाणी आलं नाही' हे वाक्य सेल्सवाल्याच्या नाही, गावातल्या सत्तरीच्या माणसाच्या तोंडून ऐका.

५. बोटीची परवानगी लेखी मागा. इंजिनाची बोट म्हणजे नोंदणी, तपासणी आणि विमा आला. १९१७ चा जुना कायदा जाऊन त्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आलाय, तो चाळा.

६. खाडीकाठी जायचं असेल (आणि खरं बोटिंग करायचं तर महाराष्ट्रात-गोव्यात खाडीच, कारण तिथलं पाणी भरती-ओहोटीने रोज परत येतं), तर किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा आधी. अंतर भरतीरेषेपासून मोजतात, तुमच्या कुंपणापासून नाही. ओहोटीला धक्क्यापाशी पाणी उरतं की नुसता चिखल, ते उभं राहून पाहा.

सहाव्या मुद्द्याला कुणी हसत असेल तर कोचीजवळचं मरडू आठवा. पाण्याकाठचे चार आलिशान गृहप्रकल्प, बँकांनी कर्जं दिलेली, पालिकेचे परवाने, लोक राहायला आलेले. किनारा नियमांचा भंग झाला म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये पाडायचा आदेश दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० ला ते स्फोटकं लावून पाडले. काही सेकंदांत. टीव्हीवर सगळ्या देशाने चवीने पाहिलं. त्यात कुणाकुणाची आयुष्यभराची कमाई होती. बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद स्वच्छ, असं मानणाऱ्यांनी तो व्हिडिओ एकदा पुन्हा बघावा.

आता शेवटचं. मुळशीच्या पाण्यावर आज जे 'लेक व्ह्यू' मिरवतात, त्या पाण्याखाली मावळातली गावं आहेत. ती बुडू नयेत म्हणून १९२१ मध्ये तिथे सत्याग्रह झाला, पांडुरंग महादेव बापट त्यातूनच 'सेनापती' झाले. गावं तरीही बुडाली. त्यानंतर स्वतंत्र महाराष्ट्रात जेवढी धरणं झाली तेवढ्या वेळा कुणाला तरी हेच सांगितलं गेलं की बाबा रे, तुझं घर, तुझी विहीर, तुझं देऊळ दे, कारण हे सार्वजनिक हिताचं काम आहे. याने हजारोंची शेती भिजेल, शहरांना पाणी मिळेल. लोकांनी रडत-भांडत दिलं. आणि हिताचं काम झालंही, हे मान्य करायलाच हवं. बेंबळ्याचं पाणी आणायचं ठरलं तेव्हा कुठे यवतमाळ शहराला दोन आटणाऱ्या तलावांच्या पलीकडचं काही दिसायला लागलं. पण सार्वजनिक हितासाठी घेतलेलं पाणी जेव्हा कुणाच्या तरी खासगी बाल्कनीचा नजारा म्हणून चौरस फुटाच्या भावाने विकलं जातं, तेव्हा त्या जुन्या शब्दाचा अर्थ बदलतो. ज्याने घर दिलं त्याला मग वाटायला लागतं की आपलं घर सार्वजनिक हितासाठी गेलंच नव्हतं, या लोकांच्या रविवारसाठी गेलं होतं. आणि पुढच्या धरणाला तो 'नाही' म्हणाला तर त्याला विकासविरोधी म्हणायचा आपल्याला काय अधिकार उरतो?

पाण्यावर जा. जरूर जा. गावातल्या नावाड्याला पैसे द्या, अंगात जॅकेट घाला, सूर्यास्ताचे शंभर फोटो काढा. परत येताना धक्क्यावर पोरं शाळेची दप्तरं घेऊन त्याच नावेची वाट बघत असतील, त्यांना आधी चढू द्या. एवढा ॲक्सेस आपल्याला पुष्कळ झाला.